दुसरी डिस्क सांगलीबाहेर ठेवा

प्रश्न : वडिलांनी मिरजेच्या मैफलींत रेकॉर्ड केलेल्या, नव्वद मिनिटांच्या दोनशेएक कॅसेट मी वेव्ह फाइलमध्ये उतरवून घेतल्या आहेत. शिवाय घरचे फोटो आणि दोन टीबी सिनेमे. सगळं चार पोर्टेबल डिस्कवर विखुरलंय. आईला टीव्हीवर रिमोटनं लावता आलं पाहिजे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप पडून आहे, तो चालेल का? दुकानदार म्हणतो, ४ टीबीच्या दोन डिस्क ‘रेड वन’मध्ये टाका, मग बॅकअपची कटकटच नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : डेस्कटॉप उत्तम चालेल, नवीन खोका घेऊ नका. त्यातल्या इंटेलच्या ग्राफिक्सवर सिनेमा टीव्हीला झेपेल अशा स्वरूपात चालता चालता बदलता येतो. रॅम ८ जीबी पुरे. छोट्या एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, म्हणजे डेस्कटॉप घरातल्या सगळ्यांसाठी फाइल साठवणारा सर्व्हर होईल. त्यावर जेलीफिन, म्हणजे त्या फाइल टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत. अँड्रॉइड टीव्हीवर जेलीफिनचं ॲप मिळतं. राउटरपासून डेस्कटॉपपर्यंत मात्र वायर ओढा, वाय-फायवर सोडू नका.

दुकानदाराचं म्हणणं साफ चूक. रेड वनमध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, इतकंच. चुकून फोल्डर उडवलात की तो दोन्हीकडून त्याच क्षणी गेला. आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, हे सांगलीकरांना मी काय सांगावं! पाणी घरात शिरलं, तर एका खोक्यातल्या दोन्ही डिस्क एकदमच जाणार.

आता हिशेब बघा. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे एक कॅसेट ९०० एमबी आणि सगळ्या मिळून १८० जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) बदलल्या तर जवळपास निम्म्या, आवाजाला धक्का न लागता. सिनेमे पुन्हा मिळतील, त्या मैफली मिळणार नाहीत. म्हणून रेड वन सोडा. एक डिस्क डेस्कटॉपमध्ये बसवा. दुसरी बाहेरून जोडून कॅसेट आणि फोटो तिच्यावर उतरवा आणि ती दुसऱ्या गावी, विश्वासाच्या नातेवाइकाकडे ठेवा. दिवाळीत आणि गणपतीत आणून ताजी करा, आणि परत पाठवण्याआधी दोन-चार फाइल उघडून ऐकाच. जुन्या पोर्टेबल डिस्कांपैकी धडधाकट असेल ती तिसरी प्रत म्हणून घरात राहू द्या.

डिस्क घेताना ती सीएमआर (माहितीचे पट्टे एकावर एक न चढवता शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात हे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. भरपूर लिहायची वेळ आली की ती रेंगाळते. ४ टीबीची डिस्क संगणकात ३.६३ दिसेल, फसवलं म्हणून भांडू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे.

यूपीएस हवाच, तोही यूएसबीची तार जोडता येणारा, म्हणजे लाइट गेली की डेस्कटॉप स्वतःहून नीट बंद होईल. वीज? नुसता चालू असताना ३० वॅट धरले तर महिन्याला २१-२२ युनिट.