पक्षी एक, उच्चार पाच

स्वीडिश सुरू केलीत, छान. पण डॅनिश आणि नॉर्वेजियन लगेच सोबत घेऊ नका. पक्ष्याच्या शब्दावरूनच बघा. स्वीडिशमध्ये तो 'फोगेल'. अनेकवचनात मधला ए गळतो आणि 'फोग्लार' होतं, म्हणून दोन्ही रूपं जोडीनंच पाठ करा.

डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये स्पेलिंग एकच: एफ, यू, जी, एल. यातला जी मुका. त्यामुळे डॅनिश शब्द आपल्या 'फूल'सारखा ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे अनेकवचनही जवळपास 'फुलं'! निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला फुकटची सोय. नॉर्वेजियन ऊ मात्र वेगळा, ओठ आवळून काढलेला. तोच उच्चार स्वीडिश कानाला 'कुरूप' असा लागतो, कारण त्यांच्याकडे 'फूल' म्हणजे कुरूप. आइसलँडिकमध्ये स्पेलिंग तेच, पण तिथे जी मुका नाही, 'फुक्ल'सारखं काहीतरी निघतं. फेरोईज, म्हणजे फेरो बेटांवरचे लोक, शेवटी 'उर' जोडतात.

फिनिशचा 'लिंतू' यांत शोधू नका, ते घराणंच वेगळं. आधी ऐका, मग स्पेलिंग बघा. डॅनिशच्या बाबतीत तर नक्कीच.