कापड मढवलेले पेल्मेट: सुरकुत्या का पडतात?

प्रश्न: पडद्याचा दांडा झाकण्यासाठी प्लायवूडच्या पेल्मेटवर घरीच कापड मढवले, परंतु कापडाला सुरकुत्या पडल्या असून कोपरे जाड दिसतात. काय करावे?

उत्तर: दोष बहुधा स्टेपल मारण्याच्या क्रमात आहे. एका टोकापासून सुरुवात केली, तर कापड सरकत जाते आणि सगळा झोळ दुसऱ्या टोकाशी साचतो. म्हणून प्रत्येक बाजूच्या मध्यावर आधी एकेक स्टेपल मारावी, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून ताणत टोकांकडे जावे आणि कोपरे अगदी शेवटी घ्यावेत. जुन्या स्टेपल काढून, कापडाला इस्त्री करून हे पुन्हा करता येईल. मागे वळवण्यासाठी चहूबाजूंनी सुमारे 8 सेंटिमीटर कापड जास्त हवे.

कोपऱ्यांचा जाडपणा घडीतील जादा कापडामुळे येतो. ते मागच्या बाजूने कापावे, मात्र छेद फळीच्या कडेपर्यंत नेऊ नये, अन्यथा समोरून लाकूड दिसू लागते. फोम किंवा कापसाचा थर कोपऱ्यावर दुहेरी होऊ देऊ नये.

पहिल्याच प्रयत्नासाठी रेघांचे कापड मी सुचवणार नाही, कारण त्यात किंचितसा तिरकेपणाही लगेच नजरेत भरतो.