स्लाव्हिक *वेदेति आणि संस्कृत 'वेद'

रशियनमधलं 'व्येदत्' (जाणणे) हे आपल्या वेदांवरून तिकडे गेलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. दोन्हींचं मूळ एकच, पण कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही.

रशियन, पोलिश, चेक या स्लाव्हिक भाषांची पूर्वज म्हणजे आद्य स्लाव्हिक; 'व्येदत्' तिच्यातल्या *वेदेतिवरून आलं. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्यातून निघालेल्या भाषांवरून रूपं मांडावी लागतात, म्हणून *वेदेतिच्या आधी तारका. त्याच्याही मागचा आद्य भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव्हिक यांची समान पूर्वज भाषा) धातू *वेइद्‌, अर्थ 'पाहणे'. त्याचं पूर्णकाळी रूप *वोइद-, म्हणजे 'पाहिलंय, म्हणून ठाऊक आहे'. स्लाव्हिकमध्ये 'एइ'चा 'ई' झाला आणि 'ओइ'चा 'ए', त्यामुळे पाहणं (*वीदेति) आणि जाणणं (*वेदेति) वेगळी राहिली. संस्कृतात दोन्ही स्वर 'ए'मध्येच मिसळले.

उसनवारी नाही हे कशावरून? रूपांवरून. संस्कृतात पूर्णकाळी धातूला द्वित्व होतं, म्हणजे त्याचा सुरुवातीचा भाग दोनदा येतो: कृचं चकार, दृश्‌चं ददर्श. 'वेद' (इथे क्रियापद, 'तो जाणतो') मात्र द्वित्वाशिवाय, आणि अर्थ वर्तमानाचा. हीच विक्षिप्त सवय ग्रीक 'ओइदा' आणि गॉथिक (एक जुनी जर्मानिक भाषा) 'वाइट' यांनाही आहे. पाणिनीला 'वेत्ति'च्या जोडीला 'वेद' चालवण्यासाठी वेगळं सूत्र करावं लागलं: 'विदो लटो वा' (३.४.८३). आता प्राचीन चर्च स्लाव्हॉनिक, म्हणजे लिखित स्वरूपातली सर्वांत जुनी स्लाव्हिक भाषा पाहा. 'मी जाणतो'साठी तिथेही दोन रूपं: 'वेमि' आणि 'वेदे'. 'वेमि' म्हणजे 'वेद्‌मि'तला द् गळालेलं, आपलं 'वेद्मि'च. पोलिश 'व्येम' आणि चेक 'वीम' त्याचेच वंशज. 'वेदे' हा जुन्या पूर्णकाळाचा अवशेष. त्याचा प्रत्यय 'वेद'च्या प्रत्ययाशी हुबेहूब जुळत नाही, तो लॅटिन 'वीदी'च्या (मी पाहिलं) जवळचा आहे. मला हे रूप फार मोलाचं वाटतं: शब्द उसना घेता येतो, पण असा आडवळणाचा, दुसऱ्या कुठल्याच क्रियापदाला न लागणारा प्रत्यय कोण उसना घेईल?

रशियन 'मेद्व्येद' (अस्वल) म्हणजे 'मध जाणणारा' असं बरेच जण सांगतात, ते मात्र सोडून द्या. त्यातला धातू 'खाणे'चा, संस्कृत अद्‌ तोच. अस्वल म्हणजे मध खाणारा, ऋग्वेदात (१.१६४.२२) पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटलंय, तोच समास.

आजच्या बोली रशियनमध्ये 'व्येदत्' जुनाट वाटतं. रोजच्या वापरात 'ज्नात्' आहे, आणि ते ज्ञा धातूचं, म्हणजे आपल्या 'जाणणे'चं भावंड.