हशा ओसरू दे

प्रिय मुली,

काल रात्री नाटकाच्या प्रयोगानंतर तुझा मेसेज आला, ‘आजचं पब्लिक थंड होतं.’ मी नवव्या रांगेत होतो. पब्लिक थंड नव्हतं गं. पत्राच्या प्रवेशात तुझ्या वाक्यावर हशा फुटला आणि तो चढत असतानाच तू पुढचं वाक्य टाकलंस. माझ्या शेजारच्या आजी नवऱ्याच्या कानाशी लागल्या, ‘काय म्हणाली?’ आजोबांनाही ऐकू आलं नव्हतं. पुढच्या विनोदाला दोघं हसलेच नाहीत. हसलं की पुढचं बुडतं, हे प्रेक्षक फार लवकर शिकतात.

हशा पार विरेपर्यंत थांबलीस तर प्रवेश खाली बसतो. हशा चढतो, टोकाला जातो, उतरायला लागतो. त्या उतारावर पुढचं वाक्य घ्यायचं. शिवाय आवाजाला पोचायला वेळ लागतो. सेकंदाला साधारण ३४३ मीटर. चौतीस मीटरवर बसलेल्याला तुझा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो, त्याचं हसू तुझ्याकडे यायला पुन्हा तेवढाच वेळ. पुढच्या चार रांगांवर अंदाज बांधलास की मागचे सगळे तुटतात.

आणि दुसऱ्या अंकात आवाज का चढवलास? रिकाम्या सभागृहात तालीम करताना आवाज घुमतो. माणसं भरली की त्यांची अंगं, कपडे तो शोषून घेतात. वाक्य तेच, पण आपल्याच कानाला कोरडं लागतं. आपण त्याला थंडपणा समजतो आणि ओरडायला लागतो. मी स्वतः कितीतरी प्रयोग असे ओरडून घालवलेत, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आईच्या निधनाची बातमी सांगितलीस तेव्हा एक खोकला नव्हता, एक खुर्ची करकरली नाही. कंटाळलेलं सभागृह असं गप्प बसत नाही, ते चुळबुळतं. माझ्या बाजूच्या आजींनी हातातला रुमाल उलगडता उलगडता तसाच धरून ठेवला होता. तू मात्र टाळीची वाट बघत होतीस, म्हणून ती शांतता तुझ्यापर्यंत आलीच नाही.

बीटल्स या ब्रिटिश बँडनं २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे थांबवले. कारणं बरीच होती, पण चाहत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना आपलंच वाजवणं ऐकू येत नसे, हे त्यातलं एक. इतकं प्रेम समोर असून ऐकणं दोन्हीकडून बंद झालं होतं. मला ही गोष्ट अजून चटका लावते.

उद्या तिसऱ्या घंटेच्या दहा मिनिटं आधी विंगेत ये. संवाद घोकू नकोस, ते तुला पाठ आहेत. पडद्याआड उभी राहा आणि माणसं कशी येऊन बसताहेत ते ऐक. मी उद्या शेवटच्या रांगेत बसणार आहे. पत्राचं वाक्य झालं की माझं हसू तुझ्यापर्यंत येऊ दे, मग पुढचं बोल.

सस्नेह आशीर्वाद.