कॉलेज 3 वर्षांत संपतंय, तर अमेरिकेत मेडिकलला लगेच अर्ज करावा का? कमी वय आडवं येतं का?

वयाची काळजी सोडा, 20-21 वर्षांच्या मुलांनाही इथे प्रवेश मिळतो. पण लगेच अर्ज करू नका. आमच्या घरात हे होऊन गेलंय.

माझी मुलगी न्यू जर्सीत वाढली. हायस्कूलमधले एपीचे (शाळेतच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे) क्रेडिट्स धरून तिचं कॉलेज 3 वर्षांत उरकत होतं. अर्ज मे-जूनमध्ये आणि प्रवेश पुढच्या वर्षी, त्यामुळे मध्ये खंड नको म्हणून तिने दुसरं वर्ष संपताच अर्ज भरला. एमकॅटला (इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा) 528 पैकी 516, ग्रेड उत्तम. 22 ठिकाणी अर्ज केले, मुलाखत एकाच ठिकाणी. तिथे विचारलं, ‘तुझ्या लक्षात राहिलेल्या एका पेशंटबद्दल सांग.’ पोर गप्प. डॉक्टरांच्या मागे उभं राहून काढलेले 40 तास, एवढीच तिची शिदोरी. मार्चपर्यंत सगळीकडून नकार.

कॉलेज संपलं तेव्हा पुण्याहून माझे दीर फोनवर म्हणाले, ‘आमच्याकडे या वयात पोरं एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असतात. तुम्ही हिला घरी बसवलीत.’ ते वाक्य मला अजून बोचतं. घरी कुठे बसली होती ती? थंडीतच नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून ती नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल होते ती जागा) जायला लागली होती. तिथले एक आजोबा ताटाला हात लावत नसत. सगळे म्हणायचे, हट्टी आहेत. एका रात्री त्यांची कवळी काढून तोंड पुसताना हिला खालच्या हिरडीवर लालभडक फोड दिसला. तिने नर्सला सांगितलं, कवळी घासून नीट करून आणली, आणि आजोबा जेवायला लागले. जूनमध्ये पुन्हा अर्ज केला, 3 मुलाखती झाल्या, तिन्हीकडे ती त्या फोडाबद्दलच बोलली. 2 ठिकाणी प्रवेश मिळाला.

कॉलेज 3 वर्षांत जरूर संपवा, एका वर्षाची फी वाचते. वाचलेलं वर्ष मात्र पेशंटच्या उशाशी घालवा. त्याला कुणी ‘गॅप’ म्हणून नाक मुरडलं तर सांगा, इथे मेडिकलला येणाऱ्यांचं सरासरी वयच 24 च्या आसपास असतं. भारतात बारावीनंतर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत एमबीबीएस होतं, इथे आधी कॉलेज आणि मग आणखी 4 वर्षं. दोन्हीची तुलना करून पोरीला कमी लेखणं हा शुद्ध अन्याय आहे. दीरांना मी तेव्हा हे बोलले नाही, बोलायला हवं होतं.

हो, एच-4 व्हिसावर (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मुलांना मिळतो तो) असाल तर मात्र गणित बदलतं. 21 पूर्ण झाली की तो व्हिसा संपतो, आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच मेडिकल स्कूल्स घेतच नाहीत. तेव्हा आधी वकिलाला विचारा. आणि एपीच्या भरवशावर बायोलॉजी-केमिस्ट्री सोडली असेल, तर त्याच विषयांचे वरचे कोर्स करून ठेवा. अनेक ठिकाणी नुसतं एपी धरत नाहीत.