खाओ सोईची तुलना करायची असेल तर लिंबाला शेवटपर्यंत हात लावू नका

उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईत खाओ सोईची, म्हणजे नारळाच्या दुधाच्या मसालेदार रश्श्यातल्या नूडल्सची, तीन दिवसांत चार दुकानं झाली, असं तुम्ही फोटोंसकट लिहिलंय. एकीकडची गोडमिट्ट, एकीकडची पाणचट, एकीकडची आंबट, आणि ज्या दुकानाचं सगळे नाव घेतात तिथली सर्वांत साधी निघाली. मग चांगली नेमकी कुठली? तुमचा हा गोंधळ वाचताक्षणी ओळखीचा वाटला, कारण त्याचं मूळ तुमच्याच फोटोंत दिसतंय. चारही फोटोंत वाडग्याशेजारची छोटी ताटली रिकामी आहे आणि लिंबाची फोड पिळून झालेली आहे.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ताटलीत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, चिरलेले लहान लाल कांदे आणि लिंबू असतं, शिवाय टेबलावर तेलात परतलेली काळपट लाल मिरची. हे सगळं एकदम वाडग्यात गेलं की तुम्ही दुकानाची खाओ सोई खात नसता, स्वतः बनवलेली खात असता. लोणचं कुठे खारट असतं तर कुठे गोडसर. लिंबाने नारळाच्या दुधाचा गोडवा झाकला जातो, आणि मिरचीचं तेल जळकट असेल तर मसाला वेलदोड्याचा वास मरतो. म्हणजे चार वाडग्यांत चार वेगळी लोणची आणि कमीजास्त पिळलेली चार लिंबं. त्यातून निष्कर्ष काय निघणार? कोल्हापूरची आणि पुण्याची मिसळ आधी वर फरसाण आणि लिंबू ओतून मग रश्श्यावर मत देण्यासारखं आहे हे.

असं करा. वाडगा आला की फोटो एकच काढा. ताज्या अंड्याच्या नूडल्स दहा मिनिटांत रस्सा पितात, फुगतात, आणि मग रस्सा दाट आणि आळणी लागतो. पहिले दोन चमचे नुसता रस्सा घ्या. मग खालची मऊ नूडल रश्श्यासकट, मग वरची तळलेली नूडल एकटी. तिला जुन्या तेलाचा वास येत असेल तर ते दुकान तिथेच मागे पडलं, कारण ती तळून ठेवायला काहीच अवघड नसतं. नंतर कोंबडीची तंगडी. मांस चमच्याच्या दाबाने हाडापासून सुटलं पाहिजे. एवढं झाल्यावर लिंबू पिळायचं, तेसुद्धा आधी चमच्यात घेतलेल्या रश्श्यात, वाडग्यात नाही. अर्धा वाडगा संपल्यावर हवं ते घाला, तेव्हा खाण्याचा आनंद घ्यायचा, परीक्षा संपली.

रश्श्यात काय बघायचं? वाटण नारळाच्या दाट दुधात तेल सुटेपर्यंत परतलेलं असेल तर वर लालसर तवंग येतो आणि हळद-आल्याचा कच्चा वास राहत नाही. पांढरे बारीक कण तरंगत असतील तर भांडं खळाखळा उकळलंय आणि दूध फाटलंय. चवीत फार फरक नाही, पण रस्सा जिभेवर खरखरीत लागतो. तुम्हाला जी पाणचट वाटली, तिच्यात बहुधा दाट दूध वाढताना वरून घातलेलं होतं आणि तुम्ही ढवळलं नाही. तळापासून ढवळायचंच, फक्त पहिला चमचा ढवळण्याआधीचा.

साधी वाटलेली खाओ सोई कमी दर्जाची नसते. हा पदार्थ चीनमधल्या युनान प्रांतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी जोडलेला आहे. नाइट बझारजवळ चारोएन प्रथेत सोई १ या गल्लीत बान हो मशिदीच्या आसपास हलाल दुकानं आहेत, तिथे नारळ बेताचा आणि मसाला पुढे असतो. पिंग नदीपलीकडे फा हाममध्ये लाम दुआन आणि सामोए जाय ही जुनी नावं आहेत, तिकडचा रस्सा माझ्या जिभेला जास्त नारळाचा लागतो. या दोन प्रकारांना एकाच यादीत पहिला-दुसरा नंबर देणं मला पटत नाही. मुंबईतल्या हॉटेलांतलं बर्मी खाऊ स्वे डोक्यात असेल तर तेही बाजूला ठेवा. त्यात बेसनाचा दाटपणा आणि वर शेंगदाणे, तळलेला लसूण, अंडं असतं. ते इथे नाही म्हणून गुण कापू नका. पुढे लाओसमधल्या लुआंग प्रबांगला गेलात तर त्याच नावाने नारळाशिवाय, डुकराच्या खिम्याचा आणि आंबवलेल्या सोयाबीनचा वाडगा येईल. तो वेगळाच पदार्थ आहे.

वेळेचं बोलायलाच हवं. एका हॉटेलच्या चौकशी टेबलावर छापील यादी देतात, त्यात सगळी दुकानं 'संध्याकाळपर्यंत'. त्या यादीच्या भरवशावर माणसं तीनला पोचतात आणि बंद दार बघतात, किंवा भांड्याच्या तळाशी आटलेला खारट रस्सा खाऊन दुकानालाच नावं ठेवतात. विचारलं तर उत्तर एकच, 'यादीत तसंच आहे'. एक फोन करून खात्री करायला काय जातं? खुन याईसारखी दुकानं दुपारी लवकर आवरतात. अकरा ते साडेबारा ही वेळ धरा. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्वतः विचारा.

तुलना सारख्याशी सारख्याची हवी. सगळीकडे 'खाओ सोई काय', म्हणजे कोंबडीची, आणि 'थम्मदा', म्हणजे नेहमीची वाटी. 'नुआ' म्हणजे गोमांस, खात नसाल तर लक्षात ठेवा, आणि रश्श्याचं भांडं वेगळं आहे का तेही विचारा. एका दिवसात दोनच दुकानं, एक वाडगा दोघांत, आधी कमी नारळाचं. मधे थाई चहा नको, त्या गोडव्यानंतर पुढचा प्रत्येक रस्सा खारट लागतो. साधं पाणी प्या.

तुमच्याबरोबरच्या शाकाहारी मंडळींसाठी: नुसती कोंबडी काढून टाकल्याने वाडगा शाकाहारी होत नाही, रस्सा कोंबडीचाच असतो आणि फिश सॉसही असू शकतो. पिवळ्या पाटीवर लाल 'जे' (थाई पद्धतीचं कडक शाकाहारी) लिहिलेलं दुकान शोधा. तिथे कांदा, लसूण, अंडं नसतं, त्यामुळे त्या वाडग्याची तुलना दुसऱ्या 'जे' वाडग्याशीच करा. कोळंबीची ॲलर्जी असेल तर वाटणात कोळंबी आहे का, हा प्रश्न थाईत लिहून दाखवा. हा वैद्यकीय सल्ला नाही, पण नुसत्या मान हलवण्यावर विसंबू नका.

तुमचे अजून दोन दिवस आहेत आणि त्यात शुक्रवार येतोय. शुक्रवारी सकाळी त्याच मशिदीसमोर युनानच्या लोकांचा बाजार भरतो. तिथे लवकर जा, पण पोट भरू नका, आणि अकरा वाजता गल्लीतली मसाल्याची खाओ सोई घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फा हाम. जे दुकान तुम्हाला साधं वाटलं होतं तिथेही या वेळी लिंबू न पिळता पुन्हा एकदा जा.