डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्यांदाच विझार्ड (जादूगार) घेतोय, स्पेलबुकात कुठले सहा स्पेल (मंत्र) लिहू?

तुम्ही लिहिलंय की फासे टाकत पात्र रंगवायचा हा खेळ तुम्ही धुळ्यात मित्रांबरोबर पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम धरून खेळता, विझार्डचा इंटेलिजन्स (बुद्धीचा आकडा) १६ आहे, आणि पहिल्या लेव्हलच्या सहा जागांपैकी चार मॅजिक मिसाइल, बर्निंग हँड्स, विच बोल्ट आणि थंडरवेव्ह यांनी भरल्यात. उरलेल्या दोन कुठल्या, एवढंच तुम्ही विचारलंय. पण मी आधी त्या चारांतले तीन खोडायला सांगेन.

पहिल्या लेव्हलला विझार्डकडे दिवसाला दोनच स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या दोनच संधी, असतात. शॉर्ट रेस्टमध्ये (मधल्या छोट्या विश्रांतीत) आर्केन रिकव्हरी या विझार्डच्या क्षमतेनं एक परत मिळतो, म्हणजे फार तर तीन. एवढ्यात नुसतं डॅमेज करत बसणं परवडत नाही. डॅमेजसाठी फायर बोल्ट घ्या: कॅन्ट्रिप आहे, स्लॉट लागत नाही, १२० फुटांवरून मारता येतो. शिवाय पुढे फायटर उभा असतोच. तलवारीनं जे काम होतं त्यावर स्लॉट घालवू नका, तिच्यानं जे होतच नाही त्यासाठी तो राखून ठेवा. बर्निंग हँड्ससाठी शत्रूच्या १५ फुटांत जावं लागतं, थंडरवेव्हचंही तेच, आणि तुमचे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) असणार सात-आठ. विच बोल्टचा पल्ला ३० फूट, पुढच्या प्रत्येक पाळीची ॲक्शन (मुख्य कृती) त्यातच जाते, वर कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारं लक्ष) अडकतं, आणि शत्रू पल्ल्याबाहेर सरकला की सगळं संपलं.

माझी यादी अशी: शील्ड, मेज आर्मर, स्लीप, मॅजिक मिसाइल, फाइंड फॅमिलिअर, डिटेक्ट मॅजिक. यामागे एक हिशेब आहे. इंटेलिजन्स १६ असल्याचे तीन आणि लेव्हलचा एक, असे रोज चार स्पेल तुम्हाला तयार ठेवता येतात. पहिले चार तयार ठेवायचे. शेवटचे दोन रिच्युअल (सावकाश विधी करून टाकता येणारे स्पेल) आहेत, आणि विझार्ड रिच्युअल तयार न करताही थेट स्पेलबुकातून करू शकतो. दहा मिनिटं जास्त लागतात, स्लॉट जात नाही. म्हणजे सहाच्या सहा रोज हाताशी राहतात. नवे खेळाडू नेमकं हेच विसरतात आणि रिच्युअल तयार करून जागा वाया घालवतात.

शील्ड तर डोळे झाकून घ्या. वार बसतोय असं कळल्यावर रिॲक्शननं (दुसऱ्याच्या पाळीतल्या झटपट कृतीनं) टाकायचा, आणि पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास (वार बसायला लागणारा आकडा) पाचनं वाढतो. मेज आर्मर (जादुई कवच) आठ तास टिकतो, पण सुरुवातीला दोनातला एक स्लॉट खातो, तेव्हा गावात फिरताना नको. धोक्याच्या जागी शिरायच्या आधी टाका. स्लीपमध्ये पाच आठपैलू फाशांची बेरीज, सरासरी साडेबावीस, एवढ्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात, सेव्ह (फासा टाकून वाचायची संधी) मिळत नाही. सात-सात हिट पॉइंटचे तीन गॉब्लिन एका दमात आडवे. चालते-फिरते मुडदे (अनडेड) आणि एल्फ यांच्यावर चालत नाही. चौथ्या-पाचव्या लेव्हलला शत्रूंचे हिट पॉइंट वाढले की त्याची धार जाते, तेव्हा बिनदिक्कत यादीतून काढा.

फॅमिलिअर (जादूनं बोलावलेला सोबती प्राणी) म्हणून घुबड बोलवा. १० सोन्याच्या नाण्यांचं सामान जळतं, पण ते उडत जाऊन शत्रूजवळ हेल्प करतं आणि परत येतं, तुमच्या रोगला (चोरट्या सोबत्याला) ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायची मुभा) मिळतो. आयडेंटिफाय मात्र राहू द्या. मोती लागतो १०० नाण्यांचा, आणि जादुई वस्तू शॉर्ट रेस्टमध्ये हाताळूनही बहुतेक कळते.

तिसऱ्या लेव्हलला वेब (जाळ्याचा स्पेल) घ्या. त्याची ताकद मला सातपुड्यात कळली, म्हणजे आमच्या पाचोऱ्याच्या डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) रचलेल्या सातपुड्यात. अरुंद घाट, दोन्ही बाजूंना कडे, समोरून सहा दरोडेखोर. रोग खेळणारा अमळनेरचा मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "आते काय करानं?" मी दोन कड्यांच्या मध्ये जाळं ताणलं. सहांपैकी चौघांचा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह चुकला. अडकलेल्याला हलता येत नाही, त्याचे वार डिसॲडव्हान्टेजनं, आपले त्याच्यावर ॲडव्हान्टेजनं, आणि सुटायचं तर अख्खी ॲक्शन जोर लावण्यात जाते. मी एका हिट पॉइंटचंही डॅमेज केलं नाही, तरी लढाई तिथंच फिरली. मोकळ्या माळावर हेच जाळं जमिनीवर पाच फूट जाडीचं पसरतं, उंच ताणायला दोन भिंती किंवा झाडं लागतात. म्हणून टाकण्याआधी डीएमला जागेबद्दल नीट विचारा. आणि सोबत्यांना सांगून ठेवा की जाळं पेट घेतं.

वेबला कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन चालतं. मार बसला की ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, कमीत कमी १०चा. त्यामुळे त्याच्या जोडीला मिस्टी स्टेप घ्या. बोनस ॲक्शनमध्ये (ॲक्शनखेरीजच्या छोट्या कृतीत) जादूनं ३० फूट लांब जाता येतं, कॉन्सन्ट्रेशन नाही.

पाचव्या लेव्हलला फायरबॉल घ्याच. मी डॅमेजच्या विरुद्ध नाही. २० फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना आठ सहापैलू फासे हे काम कुठल्याच तलवारीचं नाही. डीएमला शत्रूपक्षात जादूगार आणायची हौस असेल तर दुसरी जागा काउंटरस्पेलला (शत्रूचा स्पेल हाणून पाडणाऱ्या स्पेलला) द्या.

लेव्हलमागे दोन स्पेल फुकट मिळतात, बाकीचे सापडलेल्या पुस्तकांतून उतरवून घ्यायचे: स्पेलच्या दर लेव्हलला दोन तास आणि ५० नाणी. तेव्हा डीएमकडे ग्रंथालयाची मागणी करत राहा. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आहे, शके ११२८चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, हे त्यावर कोरलंय. आमच्या डीएमनं त्यावरूनच जंगलातला एक पडका मठ उभा केला आणि आतल्या पोथ्यांमध्ये माझ्यासाठी फ्लाय (उडण्याचा स्पेल) ठेवला. असली जागा खान्देशातल्या कुठल्याही टेबलावर शोभेल.

तुमचं टेबल २०२४च्या नियमांवर जाणार असेल तर स्लीप पुन्हा वाचा. तिथं सेव्ह आला, कॉन्सन्ट्रेशन आलं आणि घेर फक्त पाच फूट त्रिज्येचा झाला. त्याच्या जागी मी ग्रीस (जमीन निसरडी करणारा स्पेल) घेईन.